भाड्याचे अवजार आणि हानीचे उत्तरदायित्व : पुणे परिसराच्या आधारे एक ऐतिहासिक विवेचन

पुणे शहराच्या व जिल्ह्याच्या नित्य व्यवहारात 'जे.सी.बी.' हे आता एका कारखान्याचे नाव उरलेले नाही; माती उकरणारे व भरणारे कोणतेही यंत्र म्हणजे जे.सी.बी., असा त्या अक्षरांचा रूढार्थ झाला आहे. ही अक्षरे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारागिराच्या नावाची आद्याक्षरे होत. त्याने १९४५ मध्ये इंग्लंडातील युटॉक्सेटर गावी आपला उद्योग आरंभला आणि १९५३ मध्ये पुढे भरणारे व मागे खोदणारे असे दुहेरी यंत्र तयार केले. भारतात या यंत्राची निर्मिती १९७९ पासून बल्लभगड येथे होऊ लागली. आज पुण्याच्या पेठेत जुना वाडा उतरवून पाया खणावयाचा असो, मुळशीत शेततळे घ्यावयाचे असो, वा शिरूरकडे रानाची नांगरट करावयाची असो, काम करवून घेणारा मनुष्य बहुधा यंत्राचा मालक नसतो. तो यंत्र भाड्याने आणतो. या भाड्याच्या यंत्राकडून हानी झाली तर तिचे उत्तर कोणी द्यावयाचे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती हानी टळावी कशी, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. त्याचा पूर्वेतिहास पाहणे व त्यातून काही निष्कर्ष काढणे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भाड्याच्या अवजाराच्या संबंधात हानी तीन प्रकारची संभवते. पहिली, अवजाराची स्वतःची हानी : फाळ मोडणे, दात तुटणे, नळी फुटणे. दुसरी, ज्याच्या जमिनीवर काम चालले त्याच्या मालमत्तेची हानी : बांध फुटणे, झाड उन्मळणे, सुपीक माती खाली जाऊन मुरूम वर येणे. तिसरी, ज्याचा या करारात काहीच संबंध नाही अशा तिऱ्हाइताची हानी : शेजाऱ्याची भिंत, गावाची जलवाहिनी, डोंगराच्या पायथ्याशी असलेली वस्ती. आपल्या परंपरेने पहिल्या प्रकाराचा विचार फार बारकाईने केला, दुसऱ्याचा रूढीवर सोपविला, आणि तिसऱ्याचा काही अंशीच केला. यंत्रयुगात मात्र तिसऱ्या प्रकारची हानीच सर्वांत मोठी ठरली आहे.

१. भाटक आणि भाडे

मराठीतील 'भाडे' हा शब्द संस्कृत 'भाटक' यापासून आला आहे, आणि शब्दाबरोबर त्यामागील व्यवहारही जुना आहे. १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी प्रथम छापलेल्या व पुढे रा. प्र. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे संपादित केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात, ठेवीच्या प्रकरणातच, मागून आणलेल्या व भाड्याने आणलेल्या वस्तूंचा विचार आहे. वस्तू जशी घेतली तशीच परत करावी, हा तेथील मूळ नियम. तथापि अपघाताने वा आकस्मिक संकटाने ती नष्ट झाली तर घेणाऱ्यावर दोष नाही, असा त्यास अपवाद जोडला आहे. कात्यायनाच्या नावे निबंधकारांनी उद्धृत केलेले व महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी १९३३ मध्ये 'कात्यायनस्मृतिसारोद्धार' या ग्रंथात एकत्र केलेले जे व्यवहारविषयक वचनांचे भांडार आहे, त्यात हत्ती, घोडे, बैल, गाढवे, उंट इत्यादी भाड्याने नेऊन काम उरकल्यावरही परत न करणाऱ्याकडून, ती परत मिळेतोपर्यंतचे भाडे वसूल करावे असा दंडक आढळतो. याज्ञवल्क्याने स्वामी व पाल यांच्या वादात, गुराख्याने सकाळी जशी गुरे ताब्यात घेतली तशीच ती सायंकाळी परत द्यावी आणि त्याच्या प्रमादाने ती मेली वा हरवली तर भरपाई करावी, असे सांगितले आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक विवेचन मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील वाहनासंबंधीचे आहे. बैलांची वेसण तुटली, जू मोडले, आस वा चाक भंगले, किंवा हाकणाऱ्याने 'दूर व्हा' असे ओरडून सांगितले असता अपघात घडला, तर दंड नाही. मात्र हाकणाऱ्याच्या अकौशल्यामुळे गाडी वाट सोडून गेली व हानी झाली, तर दंड गाडीच्या मालकास. हाकणारा कुशल असूनही हानी झाली, तर दंड हाकणाऱ्यास. आणि हाकणारा अकुशल असता जे गाडीत बसले, त्या सर्वांनाच प्रत्येकी शंभराचा दंड.

या व्यवस्थेतील तर्क लक्षात घेण्याजोगा आहे. अकुशल माणसाच्या हाती कासरा देणारा मालक दोषी, कारण निवड त्याची. कुशल माणूस चुकला तर तो स्वतः दोषी, कारण त्याला कळत होते. आणि अकुशल माणसाच्या गाडीत बसणाराही निर्दोष नव्हे, कारण त्याने पाहून घ्यावयास हवे होते. उत्तरदायित्व हे नुसत्या स्वामित्वामागे न जाता ज्ञानामागे व निवडीमागे जाते, हे तत्त्व येथे प्रकट झाले आहे; आणि ते आजच्या यंत्रासही लागू पडते.

२. गावगाड्यातील अवजार

दख्खनच्या काळ्या जमिनीत खोल नांगरट करावयाची तर लाकडी नांगरास तीन-चार बैलजोड्या लागत. इतके बैल एका सामान्य कुणब्यापाशी नसत. यास्तव सावड, इर्जिक अशा परस्परसाह्याच्या रूढी निर्माण झाल्या. आज माझे रान, उद्या तुझे. बैलाचा मोबदला बैलाने, कष्टाचा मोबदला कष्टाने. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' या १९१५ च्या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेचे चित्र रेखाटले, तिच्यात सुतार व लोहार हे बलुतेदार असत. नांगराची दुरुस्ती हे त्यांचे वर्षाचे बांधील काम असे आणि त्याचा मोबदला खळ्यावर धान्यरूपाने मिळे.

या व्यवस्थेत हानी टाळणारी तीन कारणे आपोआप एकत्र आलेली होती. औत हाकणाराच शेतकरी असल्याने कोणत्या बांधाखाली दगड आहे, कोठे पाझर आहे, कोठे जमीन ओल धरते, हे त्याला ठाऊक असे. मोडतोड झालीच तर दुरुस्त करणारा गावातच असे व अवजाराची प्रकृती त्याला वर्षानुवर्षे परिचित असे. आणि आज दुसऱ्याच्या बैलाला मारझोड केली तर उद्या आपल्या बैलाचेही तसेच होईल, हा धाक असे. ही व्यवस्था आदर्श होती असे म्हणण्याचा हेतू नाही. तिच्यातील विषमता आत्र्यांनीच निर्भीडपणे दाखविली आहे. एवढेच म्हणावयाचे की अवजाराचे ज्ञान व जमिनीचे ज्ञान तेव्हा एकाच ठायी वसत होते.

त्यास पहिला धक्का लोखंडी नांगराने दिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकरी तो घेईनात. कालांतराने तो शंका निवळली व १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. नांगराचे सुटे भाग आता गावच्या लोहाराकडून नव्हे तर कारखान्याकडून येऊ लागले. अवजार आणि गाव यांच्यामधील अंतर येथून वाढू लागले.

याच सुमारास पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी शहराजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या गावी १५६ जमीनधारकांच्या मिळून ७२९ तुकडे होते व त्यांपैकी ४६३ तुकडे एकेका एकराहूनही लहान होते. आज तो गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे व तेथे शेताऐवजी इमारती उभ्या आहेत. परंतु ही आकडेवारी भाड्याच्या यंत्राचा प्रश्न समजण्यास अद्याप उपयोगी पडते. जेथे तुकडा लहान, तेथे यंत्र विकत घेणे परवडत नाही, म्हणून ते भाड्याने आणावे लागते. आणि जेथे तुकडा लहान, तेथेच वळणे अधिक, बांध अधिक व शेजारी अधिक. म्हणजे ज्या कारणाने यंत्र भाड्याने आणावे लागते, त्याच कारणाने हानीचा संभवही वाढतो.

३. इंग्रजी कायदा : वस्तू की काम ?

१८७२ च्या भारतीय करार अधिनियमात कलम १४८ पासून पुढे निक्षेपाचा, म्हणजे दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेण्याचा, विचार आहे. त्यातील तरतुदी आपल्या जुन्या नियमांशी ताडून पाहिल्या असता साम्य पुष्कळ दिसते. कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने ती वस्तू, सामान्य सुज्ञ मनुष्य आपली वस्तू जपतो तितकी जपली पाहिजे. कलम १५४ प्रमाणे ठरलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामास वापरल्यास होणारी हानी त्याच्या माथी. घोडा काशीस नेण्यासाठी भाड्याने घेतला आणि कटकेस नेला, तर वाटेत तो केवळ अपघाताने पडला तरी भरपाई द्यावी लागते, असे उदाहरण अधिनियमातच दिले आहे. कलम १६१ प्रमाणे मुदतीत परत न केल्यास पुढील हानी घेणाऱ्याची; येथे कात्यायनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

तथापि कलम १५० मध्ये एक महत्त्वाचे पाऊल पुढे पडले आहे. फुकट दिलेल्या वस्तूतील दोष देणाऱ्यास ठाऊक असेल तरच तो सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर. परंतु भाडे घेऊन दिलेल्या वस्तूतील दोष त्याला ठाऊक असो वा नसो, त्यापासून होणाऱ्या हानीस तो बांधलेला आहे. भाडे स्वीकारणे म्हणजे वस्तूच्या सुस्थितीची हमी देणे, असा याचा आशय.

आता खोदयंत्रासारख्या अवजारासंबंधी एक अडचण उद्भवते. ते बहुधा चालकासह येते. मराठी बोलीत आपण 'ट्रॅक्टर भाड्याने घेतला' असे क्वचितच म्हणतो; 'ट्रॅक्टर लावला', 'जे.सी.बी. लावला' असे म्हणतो. हे 'लावणे' म्हणजे 'गडी लावणे' यातीलच क्रियापद होय. बोलणाऱ्याच्या मनात वस्तू घेणे नसून काम करवून घेणे असते, आणि भाषेची ही जाण कायदेदृष्ट्याही अचूक आहे. १९४६ मध्ये इंग्लंडच्या उमरावसभेपुढे लिव्हरपूलच्या बंदरातील एक प्रकरण निवाड्यास आले. बंदरमंडळाने आपली यारी चालकासह दुसऱ्या एका व्यावसायिक संस्थेस भाड्याने दिली होती. चालक हा भाडेकऱ्याचाच नोकर समजावा, असेही करारात लिहिले होते. चालकाच्या हयगयीने एक माणूस जखमी झाला. काय उचलावे हे भाडेकरी सांगू शकत होता, परंतु यारी कशी चालवावी हे त्याला सांगता येत नव्हते. यास्तव जबाबदारी बंदरमंडळाचीच, असा निर्णय झाला.

'काय' करावयाचे व 'कसे' करावयाचे हा भेद आपल्या विषयाची गुरुकिल्ली आहे. शेतकरी किंवा घरमालक 'काय' सांगतो, चालक 'कसे' ठरवतो. परंतु हानी पुष्कळदा या दोहोंपैकी कोठेच नसते. ती 'कोठे' या प्रश्नात दडलेली असते. जमिनीखाली काय आहे हे चालकास ठाऊक नसते, आणि यंत्राचा हात किती खोल व किती लांब जातो हे मालकास ठाऊक नसते. गावगाड्यात एकत्र असलेली दोन ज्ञाने आता दोन माणसांत विभागली गेली आहेत, आणि त्या दोघांची गाठ केवळ काही तासांची असते.

४. ट्रॅक्टर : भाड्याचे माप आणि कामाची घाई

स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ मध्ये, केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे ठेवलेल्या यंत्रांच्या साह्याने काँस नावाच्या चिवट तणाने व्यापलेली जमीन लागवडीखाली आणणे हे तिचे कार्य होते, व तेवढ्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारतास एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९६३ मध्ये मुंबईत कांदिवली येथे महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीत ट्रॅक्टरनिर्मितीची कंपनी निघाली आणि १९६५ मध्ये महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ अस्तित्वात आले. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानाद्वारे भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना, म्हणजे ज्यांस आपण 'अवजारे बँक' म्हणतो त्यांना, शासकीय अनुदान मिळू लागले.

भाडे कोणत्या मापाने आकारले जाते यावर हानीचा प्रकार अवलंबून असतो, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नांगरटीचे भाडे बहुधा एकरावर ठरते. एकर लवकर उरकला की चालकाचा लाभ. म्हणून वेग वाढतो, नांगर उथळ चालतो, बांधाच्या कडेस वळताना बांध खरवडला जातो. खोदकामाचे भाडे तासावर ठरते. तेथे घाई घरमालकास होते. मीटर चालू असताना थांबून जमीन तपासणे त्यास परवडेनासे वाटते. दोन्ही ठिकाणी विचारास लागणारा वेळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो.

काळ्या जमिनीचे उदाहरण घ्यावे. पावसाने चिंब झालेल्या या जमिनीत जड ट्रॅक्टर फिरला, आणि त्यामागे रोटाव्हेटर वर्षानुवर्षे एकाच खोलीवर चालविला, तर वरची माती भुसभुशीत दिसते. परंतु तिच्याखाली एक घट्ट थर तयार होतो. पाणी मुरत नाही व मुळ्या खाली जात नाहीत. ही हानी त्या दिवशी दिसत नाही. यंत्र परत गेलेले असते, भाडे चुकते झालेले असते, आणि दोष मात्र पुढील हंगामात पिकावर उमटतो. जुन्या कुणब्याने वाफसा येईपर्यंत औत धरले नाही, ते या कारणाने. परंतु भाड्याचा ट्रॅक्टर वाफशाची वाट पाहत नाही, तो पाळीची वाट पाहतो. तीच गोष्ट मनुष्यहानीची. ट्रॅक्टरमागील अवजारास गती देणारा पी.टी.ओ. शाफ्ट सामान्यतः मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. त्यात धोतराचा सोगा किंवा पदराचे टोक सापडले तर हात मागे घेण्यासही अवधी मिळत नाही. त्यावरील आवरण काढून ठेवलेले यंत्र भाड्याने देणे हे कलम १५० च्या आशयाचे सरळ उल्लंघन होय.

५. जमिनीखालचे पुणे आणि डोंगरावरचे माळीण

पुणे शहराच्या भूमीत खोदणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये : या शहराचा एक भाग जमिनीखाली आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावाचे पाणी केवळ उताराच्या बळावर भूमिगत दगडी नळातून शनिवारवाड्याकडे आणि पेठांतील हौदांकडे आणले गेले. वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधलेले होते. काळा हौद, फडके हौद, सदाशिव हौद ही नावे आजही त्याची साक्ष देतात. अशा नळास एके ठिकाणी छिद्र पडले तरी पुढचा सारा मार्ग निरुपयोगी होतो. मार्च २०१९ मध्ये स्वारगेट येथे मेट्रोच्या खोदकामात जुने भुयार उघडे पडले, व ते पूर्वीच्या पाणीपुरवठ्याचा मार्ग असावे असे मत पुढे आले. त्यावेळी काम थांबवून पाहणी करता आली, कारण तेथे अभियंते उपस्थित होते. पेठेतील एखाद्या वाड्याच्या पायासाठी तासावर आणलेल्या यंत्राजवळ असा कोणी नसतो. तेथे जे उघडे पडते ते सायंकाळपर्यंत भरून टाकले जाते आणि त्याची नोंदही राहत नाही.

जुन्या नळाखेरीज आता विजेच्या तारा, वायुवाहिन्या आणि दूरध्वनीचे प्रकाशतंतू यांचेही जाळे जमिनीत आहे. खोदण्यापूर्वी या वाहिन्यांच्या मालकांस सूचना देता यावी म्हणून केंद्र शासनाने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' ही व्यवस्था सुरू केली. तिऱ्हाइताच्या हानीचा विचार खोदण्यापूर्वी व्हावा, खोदल्यानंतर नव्हे, हे तत्त्व तिच्या मुळाशी आहे. मात्र दोनशे सत्तर वर्षांपूर्वीच्या दगडी नळाचा मालक या यादीत शोधून सापडावयाचा नाही. त्याच्यासाठी शहराच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीच नकाशे सिद्ध केले पाहिजेत.

याहून गंभीर उदाहरण पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीणचे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे-सकाळी डोंगराचा कडा खचून हे गाव गाडले गेले व १५१ माणसे मृत्युमुखी पडली. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण निर्विवाद होते. परंतु डोंगरउतारावर शेतीसाठी यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाकडेही अनेकांनी बोट दाखविले. त्याचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

येथे 'पडकई' या शब्दाचा इतिहास विचारात घेण्याजोगा आहे. या भागातील आदिवासी शेतकरी उतारावर दगडांचे बांध रचून भातखाचरे तयार करीत. तेच पडकईचे काम. ते हातांनी, अनेकांच्या साह्याने, हळूहळू चाले. डिंभे धरणाच्या परिसरात या पद्धतीस उत्तेजन देणाऱ्या 'शाश्वत' या संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले होते. हातांनी केलेली पडकई उताराचा कल ओळखून चालते. दगड हलला, पाझर दिसला, की हात थांबतो. यंत्रास तो पाझर जाणवत नाही. एका दिवसात ते एका पिढीचे काम उरकते, आणि चूक असेल तर एका पिढीची चूकही एका दिवसात करते. माळीणच्या दुर्घटनेत यंत्राचा वाटा थोडा होता की अधिक, हे भूशास्त्रज्ञांनी ठरवावे. परंतु उताराचा पायथा कापण्याचा निर्णय तासाच्या भाड्यावर आलेल्या चालकावर सोपविणे योग्य नाही, एवढे ठरविण्यास त्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून जे निष्पन्न होते ते असे. भाड्याच्या यंत्राने होणारी हानी ही बहुतेक वेळा यंत्राच्या दोषाने वा चालकाच्या दुष्टाव्याने होत नाही. यंत्राचे ज्ञान आणि जमिनीचे ज्ञान यांची भेट न झाल्याने होते. यास्तव हानी टाळण्याचे सर्व उपाय म्हणजे ही भेट घडवून आणण्याचे उपाय होत.

यंत्र ताब्यात घेताना त्याची स्थिती उभयतांनी मिळून पाहावी व लिहून ठेवावी. जसे घेतले तसे परत द्यावे हा कौटिल्याचा नियम त्यावाचून पाळताच येत नाही. काम सुरू होण्यापूर्वी जमिनीच्या मालकाने चालकासह सारे रान किंवा आवार पायी फिरावे, विहीर, नळ, तारा, बांध व जुने बांधकाम यांच्या जागा चुन्याने आखून द्याव्यात, आणि संशय असेल तेथे आधी हाताने खड्डा घेऊन पाहावा. खोदयंत्राचे आधारपाय भुसभुशीत कडेवर न टेकता पक्क्या जमिनीवर टेकावेत व खणलेली माती खड्ड्याच्या काठावर रचू नये, कारण काठ ढासळला तर यंत्र, माणूस व शेजारची भिंत ही तिन्ही एकाच वेळी जातात. वाफसा नसेल तर ट्रॅक्टर परत पाठवावा व त्या फेरीचे भाडे द्यावे. ते भाडे जमिनीच्या विम्यासारखे मानावे. आणि करारात 'काय' व 'कसे' यांबरोबर 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हेही लिहिलेले असावे. थांबण्याच्या वेळेचेही भाडे मिळेल अशी हमी असेल, तरच चालक अनपेक्षित दगड वा पाझर दिसताच थांबेल.

मनूने अकुशल सारथ्याच्या गाडीत बसणाऱ्यांसही दंड सांगितला, तो कठोर वाटेल. परंतु त्यामागील विचार असा की, ज्याच्यासाठी गाडी चालली आहे त्याने डोळे मिटून बसू नये. यंत्र लावणाऱ्या मालकाने, ते देणाऱ्या व्यावसायिकाने आणि ते चालविणाऱ्या कारागिराने आपापल्या वाट्याचे ज्ञान एकमेकांस दिले, तर सावडीत जे रूढीने साधत होते ते करारानेही साधता येईल.